भाग ३७ : मामांनी सही का केली?

एसटीत रेंज जाते म्हणून ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच बरं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. बोलताना जिथे अडखळले तिथे थोडं नीट केलंय, बाकी जसंच्या तसं.

दोन आठवड्यांपूर्वी धुळ्याहून एका श्रोत्याचा मेसेज आला. आईला तोंडाचा कॅन्सर. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलंय, एका अभ्यासात सामील व्हाल का. मराठी फॉर्म दिलाय, शनिवारी सांगायचंय. त्यानं फॉर्मचे चौदा फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ: "ताई, हे लोक आईवर प्रयोग करणार का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण असाच एक फॉर्म आमच्या घरात आईच्या कपाटात आहे. माझ्या मामांचा.

मामा अमळनेर तालुक्यातले. कापूस, थोडी केळी, आणि खिशात कायम तंबाखू-चुन्याची डबी. जिभेच्या कडेला जखम झाली तेव्हा सहा महिने दाताला दोष दिला. मग जळगाव, मग रात्रीच्या गाडीनं मुंबई. ऑपरेशन झालं, वर्षभरानं आजार परत आला. तेव्हा त्यांना विचारलं गेलं, दोन उपचारपद्धतींची तुलना चाललीय, येता का? दोन्हीतली औषधं आधीपासून वापरातलीच, पण कोणती पद्धत मिळणार हे डॉक्टर ठरवणार नाहीत, कॉम्प्युटर ठरवणार. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते, म्हणून फॉर्म वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. तिसऱ्या पानावर मामांनी थांबवलं. "माले काय कयस त्यामा? पेन दे."

आई भडकली. "माझा भाऊ म्हणजे उंदीर आहे का?" हे वाक्य आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं फिरत राहिलं. मामांनी सही का केली, हे मात्र तेव्हा कुणी विचारलं नाही. मीपण नाही.

तर आजचा भाग त्यावर आहे. कॅन्सरच्या प्रयोगात माणसं का जातात? आणि आपल्याकडे हे विचारणं, सही घेणं, सुरू कधी झालं?

सुरुवात करू परळपासून, कारण खानदेशातल्या कॅन्सरची वाट शेवटी तिकडेच जाते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियानं गेल्या, उपचार परदेशात चालू असताना. दोराबजींच्या मनात आलं की असे उपचार आपल्या देशात असावेत. पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या ट्रस्टनं ते काम पुढे नेलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. खाटा किती? ऐंशी. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. अणुऊर्जावाल्यांकडे हॉस्पिटल कसं, असं बरेच जण विचारतात. रेडिएशन, म्हणून.

त्या काळी रुग्णाला "प्रयोगात येता का" असं विचारायची पद्धत जगात फारशी कुठेच नव्हती. डॉक्टरला योग्य वाटलं ते डॉक्टर करायचा. १९४७ चा न्यूरेम्बर्गचा निकाल आला तो नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर केलेल्या अत्याचारांनंतर, आणि त्यात पहिलाच मुद्दा होता, माणसाची स्वतःची संमती. १९६४ मध्ये हेलसिंकीला जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेनं स्वतःसाठी नियम केले. आपल्याकडे आयसीएमआरनं पहिलं धोरण १९८० मध्ये आणलं आणि सविस्तर मार्गदर्शक सूचना २००० मध्ये. म्हणजे तुमच्यापैकी बरेच जण जन्मले त्याच्या आसपास!

आता एक प्रत्यक्ष अभ्यास घेऊ. जरा खोलात जाते, कारण तो आपल्या डबीशी जोडलेला आहे.

तोंडाचा कॅन्सर पसरतो तेव्हा बहुतेक वेळा आधी मानेतल्या गाठींत जातो. समजा रुग्णाची जखम लहान आहे, मान चाचपली, सोनोग्राफी केली, काही सापडलं नाही. आता सर्जननं काय करायचं? तोंडातली गाठ काढतानाच मानेतल्या गाठीपण काढून टाकायच्या? की मान तशीच ठेवायची, लक्ष ठेवायचं, आणि पुढे काही उगवलंच तर तेव्हा उघडायची? पहिल्या मार्गात कित्येकांची मान विनाकारण कापली जाते, खांदा दुखतो, हात वर होत नाही. आणि ज्याला शेतात हात चालवायचाय त्याला खांदा म्हणजे सगळंच. दुसऱ्या मार्गात आजार लपून वाढायची भीती. सर्जन लोक यावर पन्नासेक वर्षं भांडत होते. दोन्हीकडे मोठी नावं, दोन्हीकडे अनुभव.

हा वाद टाटामध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाला लावला. २००४ ते २०१४ या दहा वर्षांत ५९६ रुग्ण त्यात आले. प्रत्येकाच्या बाबतीत ईश्वरचिठ्ठी. ग्रामपंचायतीत दोघांना सारखी मतं पडली की चिठ्ठी टाकतात ना, तसंच, फक्त इथे भांड्याऐवजी कॉम्प्युटर. २०१४ मध्ये पहिल्या ५०० जणांचे आकडे बघितले गेले आणि अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीनं सांगितलं, थांबवा, उत्तर मिळालंय. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण, मान आधीच साफ केलेल्यांत ८० टक्के, वाट बघितलेल्यांत ६७.५ टक्के. २०१५ मध्ये हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीनमध्ये छापून आलं आणि जगभर सर्जन काय करतात ते बदललं.

आता ही गोष्ट रुग्णाच्या खुर्चीत बसून बघा. २००८ साल आहे. तुम्ही चोपड्याहून आलात. समोरचा डॉक्टर म्हणतोय, "मान कापायची की नाही, यातलं बरं काय ते मला माहीत नाही." आपण चारशे किलोमीटर आलो ते माहीत असणाऱ्याकडे! आणि चिठ्ठीत "मान राहू दे" निघालं तर तुम्हाला आनंदच होणार. छोटं ऑपरेशन, लवकर घरी. घरचे म्हणणार, सुटलो. आणि तीच बाजू पुढे वाईट निघाली. ५०० पैकी २५५ जण त्या बाजूला होते. त्यांतले ७९ गेले, दुसऱ्या बाजूचे २४५ पैकी ५०.

हे वाचून तुमच्या पोटात काहीतरी झालं असेल. माझ्याही झालं होतं. पण एक गोष्ट विसरू नका. हा अभ्यास झाला नसता तर ते २५५ जण वाचले असते असं नाही. अभ्यासाबाहेर, देशभरातल्या हॉस्पिटलांत, दोन्ही पद्धती चालूच होत्या. कोणाच्या वाट्याला कोणती यायची? ज्या सर्जनचं जे मत, ती. तीही चिठ्ठीच, फक्त कोणी तिला चिठ्ठी म्हणत नव्हतं आणि कोणी मोजत नव्हतं.

आईला हे मी एकदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तू सर्जनच्या बाजूनं बोलतेस." असेल.

कारण दुसरी बाजू आहे, आणि ती काळी आहे. १९९९-२००० मध्ये तिरुअनंतपुरमच्या रिजनल कॅन्सर सेंटरमध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या गाठीत ऑपरेशनआधी एक नवं रसायन टोचलं गेलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका शास्त्रज्ञाबरोबरचं ते काम. तिथल्याच एका डॉक्टरनं आवाज उठवला, आणि २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या स्वतःच्या चौकशीत निघालं की हव्या त्या परवानग्या नव्हत्या आणि रुग्णांची संमतीही नीट घेतलेली नव्हती. आपल्यासारखेच लोक हो ते. तंबाखू खाणारे, दुरून आलेले, डॉक्टरला देव मानणारे. त्यांनी काही निवडलंच नव्हतं.

आणि एक मधली गोष्ट आहे, जी मला आजही नीट सोडवता येत नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. १९९९ पासून तिथल्या गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल हॉस्पिटल आणि टाटा त्यात होते. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर लवकर पकडायचा तर कोणती तपासणी बरी, हा प्रश्न. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या. चौथ्या गटाला तपासणी नाही. या रोगाबद्दल माहिती दिली, तपासून कुठे घेता येईल ते सांगितलं, बस.

आठ वर्षांनी आकडे आले. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे. एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे जगाला मराठवाड्यातल्या बायकांनी दाखवून दिलं. अनेक देशांच्या तपासणी कार्यक्रमांत आज एचपीव्ही टेस्ट आहे, त्यामागचा एक मोठा पुरावा हा.

पण चौथ्या गटाचं काय? यावर नंतर बरंच भांडण झालं. टीकाकार म्हणाले, तपासणीनं जीव वाचतो हे श्रीमंत देशांत आधीच माहीत होतं, मग या बायकांना बाजूला का ठेवलं? संशोधक म्हणाले, भारतात तेव्हा गावातल्या बाईला कोणतीच तपासणी मिळत नव्हती, आम्ही त्यांचं काही काढून घेतलं नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत. मला दुसरं वाक्य जास्त टोचतं. "तुम्हाला तसंही काही मिळत नव्हतं" हे कारण शास्त्राच्या दृष्टीनं चालेलही, पण ते ऐकायला लागावं अशी परिस्थिती कोणाची आणि का, हा प्रश्न हॉस्पिटलच्या बाहेरचा आहे. तो सरकारला विचारायचा.

आणि यातून आपण मूळ प्रश्नावर येतो. माणसं का जातात.

अमेरिकेत १९८२ मध्ये पॉल ॲपलबॉम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका घोटाळ्याला नाव दिलं. साध्या मराठीत सांगायचं तर, रुग्णाला वाटतं की अभ्यासातली प्रत्येक गोष्ट माझ्या भल्यासाठी ठरवलीय. खरं तर अभ्यासाचा हेतू असतो उत्तर शोधणं. फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, "तुम्हाला फायदा होईलच असे नाही." रुग्ण ते वाचतो, मान डोलावतो, आणि मनात म्हणतो, मला होईल. हे अडाणीपणामुळे होतं असं समजू नका. शिकलेल्यांचंही तेच होतं, ॲपलबॉमचे रुग्ण काही अमळनेरचे नव्हते.

दुसरं कारण पैसा. यावर तोंड वाकडं करण्याआधी एक आकडा ऐका. इम्युनोथेरपीचं निवोलुमॅब नावाचं औषध आहे. नेहमीच्या मात्रेत ते सामान्य घराला झेपत नाही, जमीन विकूनही फार दिवस पुरत नाही. टाटातल्या डॉक्टरांनी विचार केला की मात्रा खूप कमी करून चालेल का? दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. म्हणजे एका नेहमीच्या डोसचा साधारण दहावा भाग, किंवा त्याहून कमी. डोक्या-मानेच्या कॅन्सरचे, पूर्ण बरे होण्याची आशा नसलेले १५१ रुग्ण घेतले. अर्ध्यांना स्वस्त गोळ्यांचा उपचार, अर्ध्यांना त्याच गोळ्या अधिक ही छोटी मात्रा. वर्षभरानं जिवंत किती? पहिल्यांत १६.३ टक्के, दुसऱ्यांत ४३.४ टक्के.

हा प्रश्न औषध कंपनी कधी विचारणार? आमचं औषध कमी विकून चालेल का, असं कोणता दुकानदार शोधतो! तो प्रश्न गरीब रुग्णांच्या हॉस्पिटलातच पडू शकतो, आणि उत्तर गरीब रुग्णांच्या अंगावरूनच येऊ शकतं. म्हणून "गरीब आहेत म्हणून प्रयोगात ओढले" हे वाक्य मी हल्ली सरसकट म्हणत नाही. कधी ते अगदी खरं असतं, वर केरळचं सांगितलंच. कधी मात्र गरिबांच्या कामाचं उत्तर त्याशिवाय मिळणारच नसतं.

तिसरं कारण, दुसरा रस्ता संपलेला असतो. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून केलेली कार-टी सेल थेरपी तुम्ही बातम्यांत ऐकली असेल. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं, परत सोडायच्या. ४ जून २०२१ ला पहिल्या रुग्णाला ती दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंच्या हस्ते कार्यक्रम झाला. फोटोत सगळे हसताना दिसतात. पण २०२१ मधल्या त्या पहिल्या माणसाचा विचार करा. आधी कोणावर केलंय, असं त्यानं विचारलं असतं तर भारतात बनवलेल्या या उपचाराबद्दल उत्तर होतं, कोणावरच नाही. तिथे माणूस जातो कारण मागे फिरायला जागा नसते.

मधेच कायद्याचं पटकन सांगून टाकते. २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी वेबसाइटवर करणं बंधनकारक झालं. मग इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं सुप्रीम कोर्टात याचिका केली. इंदूर, आपल्या आग्रा रोडवरचंच. त्या प्रकरणातून २०१३ मध्ये संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आलं. २०१९ च्या नव्या नियमांत ते सगळ्यांसाठी राहिलं नाही, नव्या औषधांच्या चाचणीत दुर्बल गटातले रुग्ण असतील तर मात्र लागतं. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, हेही त्या नियमांत आहे. बाकी कलमं वाचून दाखवत नाही, झोपाल.

आता मामा.

चिठ्ठीत त्यांना जुनी पद्धत आली. फोनवर मामी हळू आवाजात म्हणाली, "नवीन नाही लागलं." जशी काही लॉटरी. मामा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. म्हणजे त्यांनाही वाटत होतंच की नवीन ते चांगलं. मी वाचून दाखवलं होतं, "कोणती पद्धत चांगली हे माहीत नाही," पण ते वाक्य कोणाच्या कानात शिरलंच नव्हतं. माझ्याही नाही, खरं सांगते.

तरी ते दर तीन आठवड्यांनी जात राहिले. रात्री अमरावती एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात, सकाळी दादर, संध्याकाळी परत. एकदा केळीची कापणी ऐन भरात होती, मजूर मिळत नव्हते, तरी गेले. मी विचारलं, "मामा, नवीन तर मिळालं नाही, मग कशाला एवढं?" गळ्याशी हात धरून ते बोलायचे, शब्द नीट उमटायचे नाहीत. तेव्हा त्यांनी मला खरं कारण सांगितलं.

आधीच्या वर्षी, अभ्यासाच्या आधी, दुसऱ्या एका दवाखान्यात ते रिपोर्ट घेऊन सहा तास बसले होते आणि संध्याकाळी खिडकी बंद झाली होती. या अभ्यासात एक ताई होती, कोऑर्डिनेटर. तिचा मोबाइल नंबर फॉर्मच्या शेवटच्या पानावर होता. मामांना ताप आला की मामी तिला फोन करायची आणि ती उचलायची. तारीख चुकली तर ती स्वतः फोन करायची, "काका, का नाही आलात?" मामा म्हणाले, "गावमा बी कोणी इतलं विचारत नही."

एवढंच. विज्ञान नाही, पुढच्या पिढ्यांचं भलं नाही. जो नीट उपचार सगळ्यांना मिळायला हवा, तो त्यांना अभ्यासाच्या दारानं मिळत होता. हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या भेटीच्या वेळी, एरंडोलला कोणाकडे तरी लग्न होतं तिथे, मामा एका माणसाला सांगत होते, "आम्ही अभ्यासमा शेतस." थोड्या रुबाबात. म्हणजे तेही होतंच कुठेतरी.

मामा सही केल्यानंतर सव्वा वर्षानं गेले. दहाव्याला आईनं तो फॉर्म मामीकडून मागून घेतला आणि कपाटात ठेवला. फाडला नाही.

आता धुळ्याचा मेसेज. मी डॉक्टर नाही, त्यामुळे "कर" किंवा "करू नको" असं त्याला सांगितलं नाही. चौदा पानं आम्ही दोघांनी फोनवर वाचली, पावणेदोन तास लागले. काही गोष्टी त्याच्याकडून लिहून घेतल्या, डॉक्टरांना विचारायला. अभ्यासाचा सीटीआरआय नंबर काय? तो टाकून वेबसाइटवर बघायचं. अभ्यासात आलो नाही तर आईला कोणता उपचार मिळेल, आणि तो आत्तासारखाच मिळत राहील ना? जास्तीच्या तपासण्यांचे पैसे कोण देणार, आणि जाण्यायेण्याचे? मधेच सोडायचं ठरलं तर कोणाला सांगायचं? एथिक्स कमिटीचा नंबर फॉर्मवर आहे का? होता, तेराव्या पानावर.

मग मी त्याला विचारलं, "आईला हे कोणी वाचून दाखवलं का?" तो गप्प झाला. चौदा पानांचे फोटो त्यानं मला पाठवले होते, दोन मित्रांना पाठवले होते, पुण्याच्या चुलतभावाला पाठवले होते. आई शेजारच्या खोलीत होती.

शुक्रवारी रात्री त्यानं तिला वाचून दाखवलं. अहिराणीत सांगत सांगत. तिनं सातव्या पानावर थांबवून विचारलं, चिठ्ठी टाकताना आपण तिथे असणार का, आपल्याला बघता येईल का. त्याला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून तो प्रश्न त्यानं यादीत लिहिला. सगळ्यात वर.

त्यांनी काय ठरवलं ते मला माहीत आहे, पण ते इथे सांगत नाही. पुढच्या भागात चाळीसगाव-धुळे रेल्वे, १९०० सालची. भेटू.